कर्ता नसलेला जुल्म

'जुल्म' या अरबी शब्दाची एक जुनी व्याख्या आहे. एखादी वस्तू तिच्या योग्य जागेवरून हलवून भलत्याच जागी ठेवणे म्हणजे जुल्म, असे भाषापंडित सांगत आले आहेत. मराठीत काय किंवा उर्दूत काय, जुल्म म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चाबूक येतो, सावकार येतो, पोलीसचौकी येते. जुल्म करणारा एक जालिम असतो आणि सोसणारा एक मजलूम असतो, अशी आपली साधी समजूत आहे. त्या जुन्या व्याख्येने मात्र जालिम कोण, याची चौकशी केलेली नाही. वस्तू कुठे असायला हवी होती आणि ती कुठे येऊन पडली, एवढेच तिने पाहिले आहे.

मोठ्या शहरांच्या हवेतील ओझोनचा विचार करताना ही व्याख्या आम्हाला वारंवार आठवते. शालेय पुस्तकामुळे ओझोन आपल्याला माहीत असतो तो 'ओझोनचे छत्र' म्हणून. जमिनीपासून साधारण पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर हा वायू पसरलेला आहे आणि सूर्याचे अतिनील किरण तो अडवतो. पृथ्वीवरचा सुमारे नव्वद टक्के ओझोन तिथेच, त्या वरच्या थरांत आहे. त्या छत्राला छिद्र पडते आहे हे कळल्यावर जगातील राष्ट्रे एकत्र आली आणि १९८७ साली माँट्रियल येथे त्यांनी करार केला. तोच वायू, ऑक्सिजनच्या त्याच तीन अणूंचा, जमिनीलगत साठला की घसा खवखवतो, छाती आवळल्यासारखी होते, दमेकऱ्याचा दमा उसळतो. कापडी रुमाल बांधून तो अडत नाही. वर असतो तेव्हा नेमत, खाली असतो तेव्हा आफत. वस्तू एकच, फक्त जागा बदललेली. जुल्माची याहून नेमकी रासायनिक व्याख्या आम्हाला ठाऊक नाही.

मात्र येथेच एक अडचण उभी राहते आणि या लेखाचा विषय तीच आहे. हा ओझोन खाली आणला कोणी? उत्तर असे की तो कोणी आणलेला नाही. वरचा ओझोन ओघळून खाली येतो असे नाही. जे थोडेफार येते ते अगदी किरकोळ. शहरातला ओझोन शहरातच तयार होतो, आणि तरीही शहरातल्या कोणत्याही चिमणीतून, धुराड्यातून किंवा चुलीतून तो बाहेर पडत नाही. ट्रक, मोटारी, जनरेटर, वीजकेंद्रे यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. पेट्रोल, रंग, थिनर, छपाईची शाई, रसायनांच्या टाक्या, जळणारा कचरा यांतून सेंद्रिय बाष्पे उडतात. ही दोन्ही हवेत एकत्र येतात आणि वरून ऊन पडते. उन्हाच्या झोताने नायट्रोजन डायऑक्साइडमधला एक ऑक्सिजनचा अणू सुटतो, तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. हा व्यवहार तसा लगेच उलटतोही, कारण उरलेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. पण सेंद्रिय बाष्पे मध्ये पडतात, त्या नायट्रिक ऑक्साइडला दुसरीकडे गुंतवतात आणि ओझोन शिल्लक राहून साठत जातो.

म्हणजे ओझोनचा कच्चा माल पुरवणारे लाखो आहेत, पण माल बनवणारा कोणी नाही. ज्याने बाष्प सोडले तो म्हणेल, मी ओझोन सोडला नाही, आणि ते खरेच आहे. ज्याने डिझेल जाळले तोही तेच म्हणेल, आणि तेही खरेच आहे. कर्ता नसलेला जुल्म तो हाच.

ही गोष्ट पहिल्यांदा जिथे कळली, त्या शहराचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १९४३ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर एक तपकिरी धुके उतरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले. दुसरे महायुद्ध चालू होते, त्यामुळे पहिला संशय जपानच्या विषारी वायूच्या हल्ल्याचा आला. मग बोट वळले ते शहराच्या मध्यभागी असलेल्या, कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्याकडे. तो बंद करून पाहिला, तरी धुके येतच राहिले. घराघराच्या परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्या होत्या. त्यांच्यावरही ठपका आला आणि १९५७ साली त्यांवर बंदी आली. धुके हटले नाही.

दरम्यान आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच जीवरसायनशास्त्रज्ञाने या कोड्यात लक्ष घातले होते. अननसाला त्याचा वास कशामुळे येतो, याचा तो तेव्हा अभ्यास करीत होता. फळाच्या वासातील सूक्ष्म द्रव्ये पकडायची त्याची जी पद्धत, तीच त्याने शहराच्या हवेला लावली. १९५० च्या सुमारास त्याने सांगितले की पेट्रोलची बाष्पे आणि मोटारींचे वायू यांच्यावर ऊन पडून ओझोन बनतो, आणि डोळे चुरचुरायला लावणारी इतर द्रव्येही त्याच प्रक्रियेत तयार होतात. तेल उद्योगाच्या पैशावर संशोधन करणाऱ्यांनी त्याच्यावर शंका घेतली. तो हटला नाही. ताणून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला ओझोनने किती वेळात भेगा पडतात, एवढ्या साध्या गोष्टीचाही त्याने पुरावा म्हणून उपयोग केला. पुढे १९६६ पासून कॅलिफोर्नियात मोटारींच्या धुरावर मर्यादा आल्या आणि हवेसाठी जे मंडळ स्थापन झाले त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिटकडेच गेले.

या गोष्टीतला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी परका शत्रू, मग एखादा कारखाना, मग कचरा जाळणारे, आणि सर्वांत शेवटी स्वतःच्या दारातली मोटार. दोष शोधायला निघालेला समाज नेहमी याच वाटेने जातो. जे आपल्यापासून सर्वांत लांब, त्याच्यावर पहिला संशय. जे सर्वांत जवळ, त्याच्याकडे सर्वांत शेवटी नजर. एवढे होऊनही त्या शहराचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. ओझोन पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला, पण समुद्रावरून आत वाहणारा वारा तो पूर्वेकडे रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या आतल्या भागांकडे लोटतो. किनाऱ्यावर मोटारी चालतात, आत ओझोन साठतो. मालाच्या गोदामांची आणि ट्रकांची गर्दीही त्याच आतल्या भागात आहे.

हे वाचताना मुंबई महानगर प्रदेश डोळ्यांसमोर येतो. आजच्या हद्दीनुसार हा प्रदेश ६,३२८ चौरस किलोमीटरांचा आहे आणि त्याची वस्ती दोन कोटींहून अधिक आहे. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि शहराची हवा पूर्वेकडे ढकलू लागतो: ठाणे, नवी मुंबई, मुंब्रा, कल्याण, भिवंडी. बेटावर आणि उपनगरांत सकाळच्या गर्दीत जी ऑक्साइडे आणि बाष्पे सुटलेली असतात, त्यांच्यावर सूर्य चढत्या दुपारी काम करू लागतो, आणि हे काम चालू असतानाच वारा त्यांना पुढे नेत असतो. वाहनांच्या दाटीत भरपूर नायट्रिक ऑक्साइड असतो, तो जागच्या जागी ओझोन खातो. म्हणून ऐन रहदारीच्या चौकात ओझोन पुष्कळदा कमीच आढळतो. तो वाढतो ते चौकापासून दूर, वाऱ्याच्या दिशेला. धूर एकाच्या दारात आणि ओझोन दुसऱ्याच्या, असा हा हिशेब आहे.

आणि वाऱ्याच्या दिशेला राहतो कोण? मुंब्र्याची वस्ती १९९२-९३ च्या दंगलीनंतर कशी वाढली, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. मुंबईत घर परवडेना आणि कुठे परवडले तरी मिळेना, म्हणून माणसे खाडी ओलांडून गेली. भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटाला आता गोदामांची आणि ट्रकांची भर पडली आहे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून बोटाने मागवलेली वस्तू भिवंडीच्या गोदामातून निघते. वस्तू मुंबईला जाते, डिझेल भिवंडीत जळते. माहुलचे उदाहरण तर सरकारी कागदोपत्री नोंदलेले आहे. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या यांच्या कुशीत प्रकल्पग्रस्तांच्या इमारती उभ्या राहिल्या. तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली म्हटले. ज्यांना तिथे राहायचे नाही त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी भाडे द्यावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली राज्य सरकारला दिला. माहुलच्या लोकांचा जीव ज्या बाष्पांनी घुसमटला, तशीच बाष्पे वाऱ्यावर चढून ओझोनचा कच्चा माल होतात. म्हणजे माहुलचा प्रश्न माहुलपुरता कधीच नव्हता.

आपल्याकडे नैतिक विचाराचा पाया नियत हा आहे. कर्माचे मोल नियतीवर ठरते, ही शिकवण मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असते. मग ज्या कर्मात कोणाचीच वाईट नियत नाही त्याचे काय? रिक्षावाल्याची नियत लेकरांच्या पोटाची आहे. रंगाऱ्याला भिंत रंगवायची आहे. बाईक घेऊन कामावर जाणाऱ्या पोराला वेळेवर हजेरी लावायची आहे. यातल्या कोणालाही मुंब्र्यातल्या दमेकरी म्हातारीचे वाईट करायचे नाही. ती म्हातारी त्यांना ठाऊकसुद्धा नाही. नियतीच्या तराजूत या सर्वांचे पारडे निर्दोष ठरते, आणि म्हातारीचा श्वास तरी अडकतोच.

फिकहच्या विद्वानांना हा पेच अगदीच अनोळखी नव्हता. नुकसानभरपाईचा विचार करताना त्यांनी दोन शब्द वापरले: मुबाशिर आणि मुतसब्बिब. मुबाशिर म्हणजे स्वतःच्या हाताने नुकसान करणारा, मुतसब्बिब म्हणजे नुकसानाला निमित्त होणारा. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात दिवाणी कायद्याची जी संहिता तयार झाली, त्या 'मजल्ला'मध्ये हा भेद नीट मांडलेला आहे. हाताने नुकसान करणारा नियत नसतानाही भरपाईला बांधील असतो. निमित्तमात्र असणारा मात्र जाणूनबुजून केले असेल तरच. शेजाऱ्याच्या घरात राहणे अशक्य व्हावे असा धूर किंवा दणदणाट करणाऱ्या भट्टीचा, लोहारकामाचा विचारही त्याच संहितेत आहे.

हा भेद ओझोनला लावून पाहिला तर एक विलक्षण गोष्ट दिसते. येथे मुबाशिर कोण? प्रत्यक्ष ओझोन घडवणारा हात कोणाचा? तो सूर्याचा. आणि सूर्याला कोणत्या काजीसमोर उभे करणार? उरलेले आपण सगळे मुतसब्बिब, निमित्तमात्र. आणि निमित्तमात्र माणूस जबाबदार ठरतो तो जाणूनबुजून वागला तरच. याचा सरळ अर्थ असा की या प्रश्नात सगळा भार 'जाणणे' या एका शब्दावर आहे. जोवर कोणाला ठाऊक नव्हते, तोवर कोणी अपराधी नव्हता. १९४३ च्या लॉस एंजेलिसमधला मोटारवाला निर्दोष होता. हागेन-स्मिटने आपले निष्कर्ष मांडले त्या दिवसापासून तो तसा राहिला नाही.

हवेचा अभ्यास ही तांत्रिक बाब आहे, शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी करावी, आपण तिचे आकडे वर्तमानपत्रात वाचून सोडून द्यावे, अशी समजूत आहे. ती आम्हाला चुकीची वाटते. हवा मोजणे म्हणजे निमित्तमात्राला जाणकार करणे, आणि जाणकार करणे म्हणजे जबाबदार करणे. म्हणूनच हवा मोजली जाऊ नये, मोजली तरी भलत्या जागी मोजली जावी, मोजली तरी कोणाला कळू नये, यात ज्यांचे हित असते ते पुष्कळ असतात. अज्ञान हा या व्यवहारातला सर्वांत मोठा वकील आहे.

आपल्या देशात ओझोनचे मानक आहे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार आठ तासांच्या सरासरीत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासात १८० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आठ तासांची मर्यादा १०० वर कायम ठेवून, ज्या महिन्यांत ओझोन चढा असतो त्या काळाच्या सरासरीसाठी ६० ही आणखी कडक मर्यादा सुचवली. पण २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची उद्दिष्टे धुलिकणांची होती. ओझोन किती कमी करायचा याचे उद्दिष्ट त्यात नव्हते. रोज जाहीर होणारा हवेचा निर्देशांक आठ प्रदूषकांवर आधारलेला आहे खरा, पण त्या आठांपैकी जो सर्वांत वाईट असेल त्याचाच आकडा निर्देशांक म्हणून सांगितला जातो. हिवाळ्यात धुलिकण इतके चढलेले असतात की ओझोन त्यांच्या आड उभा राहतो. गर्दीत मोठ्या आवाजाचा माणूस ऐकू येतो, तसेच हे आहे.

आणि मोजतो कुठे? मुंबई महापालिकेच्या हद्दीत आता वीसहून अधिक मापनकेंद्रे आहेत. ज्या पट्ट्याकडे दुपारचा वारा जातो त्या भिवंडी, कल्याण, उल्हासनगर या शहरांच्या वाट्याला मोजकीच केंद्रे आली आहेत. त्याही पलीकडे शेते आहेत. ओझोन पिकांची पाने भाजतो, दाणा हलका करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशात सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला असावा, असा अंदाज मांडला होता. गेलेल्या त्या धान्याची कोठे फिर्याद नाही. शेतकऱ्याला वाटते, यंदा पाऊस कमी पडला, बियाणे बरे नव्हते, नशीब खोटे.

जे दिसते त्याला मात्र शिक्षा लगेच होते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, याचा अभ्यास करायला समिती नेमावी, असेही त्याच सुनावणीत सांगितले. भट्टीला मुदत मिळाली, गाडीला समिती. लाकडाच्या भट्टीचा धूर वाईटच असतो, त्यात ओझोनचा कच्चा मालही असतो, आणि भट्टीपुढे उभा राहून पाव भाजणारा कारागीरच तो धूर सर्वांत आधी पितो. त्यामुळे भट्टी बदलली पाहिजे यात वाद नाही. या बेकऱ्यांपैकी पुष्कळ आपल्या लोकांच्या आहेत म्हणून त्यांना सूट मिळावी, असेही आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की न्याय डोळ्यांना दिसणाऱ्या धुरापाशी थांबता कामा नये. पेट्रोलच्या बाष्पाला रंग नाही, म्हणून त्याला गुन्हाही नाही, असे होऊ नये.

येथे कोणी म्हणेल, सगळेच दोषी आहेत तर मग कोणीच दोषी नाही. हा युक्तिवाद सोयीचा आहे आणि तो फार चलाख माणसे वापरतात. पण सगळ्यांचा वाटा आहे म्हणजे सगळ्यांचा वाटा सारखा आहे, असे नव्हे. कुरआनमधील सूरह रहमानमध्ये आकाशाच्या उंचीबरोबरच मीजानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख येतो, आणि तोल बिघडवू नका अशी ताकीद येते. तराजूचे कामच वाटे वेगळे करणे हे आहे. रसायनांच्या टाकीचे बाष्प आणि रंगाऱ्याच्या डब्याचे बाष्प एका पारड्यात घालून चालणार नाही. झाडेसुद्धा सेंद्रिय बाष्पे सोडतात, पण म्हणून झाड आणि तेलाची टाकी सारखी होत नाहीत. चार माणसांमागे एक वातानुकूलित गाडी बाळगणारा आणि बसच्या रांगेत उभा राहणारा यांचे वाटे वजन करूनच ठरवावे लागतील. आणि वजन करायचे तर पुन्हा मोजावेच लागेल.

मोजल्याशिवाय केलेले पुण्यही कधी कधी उलटते. ओझोनचे रसायन याबाबत फार निष्ठुर आहे. मोटारी कमी झाल्या की ओझोन कमी होईल, असे कोणालाही वाटेल. पण लॉस एंजेलिसमध्ये शनिवार-रविवारी ट्रक कमी धावत आणि ओझोन मात्र वाढे, असे अभ्यासकांना आढळले. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या आणि परदेशांतल्या अनेक शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने घटला, पण ओझोन काही ठिकाणी चढला. कारण सरळ आहे: ओझोनला खाणारा नायट्रिक ऑक्साइड कमी झाला आणि बाष्पे तेवढी घटली नाहीत. याचा अर्थ ट्रक वाढवावेत असा नव्हे. दोन्ही कच्चे माल एकत्र आणि पुरेसे कमी करावे लागतात, हा त्याचा अर्थ. अर्धवट सुधारणा करून हात झटकणाऱ्यांना या वायूने दिलेला हा धडा आहे. समाजसुधारणेच्या इतर क्षेत्रांतही तो खरा आहे, पण ते असो.

मग अशा कर्ताहीन जुल्मासमोर माणसाने करायचे काय? आमच्या मते याचे उत्तर आपल्याच परंपरेतल्या एका शब्दात आहे. तो शब्द फर्जे किफाया. नमाज, रोजा ही प्रत्येकाची स्वतःची कर्तव्ये आहेत, ती फर्जे ऐन. पण काही कर्तव्ये समाजाची आहेत. जनाजाची नमाज हे त्याचे नेहमीचे उदाहरण. काहींनी ती केली तर सर्वांची सुटका होते. कोणीच केली नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार ठरते. इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये वैद्यक आणि गणित या विद्या फर्जे किफाया म्हणून सांगितल्या, कारण त्यांच्याशिवाय समाजाचे जगणे चालत नाही. हवेची विद्या ही आज वैद्यक आणि गणित या दोहोंचीही बेरीज आहे. ज्या पापाला एक कर्ता नाही, त्याला उत्तर देणारे कर्तव्यही एका माणसाचे असू शकत नाही. फर्जे किफायाचा विचार नेमका अशाच जागेसाठी आहे. सगळे दोषी म्हणून कोणीच दोषी नाही, असे तो म्हणत नाही. कोणीच उठले नाही तर सगळेच दोषी, असे तो म्हणतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जहाजाचा एक दृष्टान्त दिला आहे. काही लोक वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागते, वरच्यांना त्याचा त्रास होतो, म्हणून खालचे लोक आपल्या भागात भोक पाडायचे ठरवतात. वरच्यांनी त्यांना अडवले नाही तर सगळेच बुडणार. हा दृष्टान्त आपण नेहमी खालच्यांना समजावण्यासाठी सांगतो. ओझोनच्या जहाजात भोक पाडणारे बहुतेक वरच्या मजल्यावर आहेत आणि पाणी आधी खाली भरते आहे. अडवण्याचे कर्तव्य आता खालच्यांवर आले आहे, आणि ते पार पाडायचे तर भोक कुठे आहे हे त्यांना दाखवून द्यावे लागेल.

हे काम फार अद्भुत नाही. मुंब्रा, भिवंडी, गोवंडी येथे महाविद्यालये आहेत, विज्ञान शिकलेली मुले-मुली आहेत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आपली मुलगी घरी बसलेली असते आणि तिच्या खिडकीबाहेरच्या हवेत त्या शास्त्राचा सर्वांत मोठा प्रयोग रोज चालू असतो. आपल्या गावात ओझोन मोजणारे केंद्र आहे का, ते कोणत्या रस्त्याला आहे, ते चालू आहे का, त्याचा आकडा कुठे मिळतो, हे प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. त्यासाठी दहा रुपये लागतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून दम्याचे रुग्ण कोणत्या महिन्यांत वाढतात, याची वही ठेवता येते. मशिदीच्या नोटीस बोर्डावर नमाजच्या वेळांशेजारी त्या दिवसाच्या हवेचा आकडा लिहिता येतो. ओझोन पहाटे सर्वांत कमी असतो आणि जोहर ते असरच्या दरम्यान सर्वांत चढतो; अलीकडे रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतो आहे. रोजेदार मजुराला, मैदानात खेळणाऱ्या मुलाला दुपारच्या कोणत्या तासांत जपावे, हे तरी त्यावरून सांगता येईल.

आपल्या परिषदांतून शिक्षण, नोकऱ्या, कर्ज, सुरक्षितता यांवर चर्चा होतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाचा हवाला दिला जातो, आणि तो द्यायलाच हवा. पण ज्या वस्त्यांच्या मागासलेपणाची आपण मोजदाद करतो, त्या वस्त्यांची हवा हा त्या मागासलेपणाचाच एक रकाना आहे. तो रकाना अजून कोरा आहे. आणि तो भरताना 'आमच्या वस्तीची हवा' एवढ्यावर थांबताही येणार नाही. माहुलमधला विस्थापित, कल्याणपलीकडचा आदिवासी भातशेतकरी, चौकातला वाहतूक हवालदार हे सगळे त्याच रकान्यात येतात. शेजाऱ्याचा हक्क सांगताना धर्म विचारायचा नसतो, आणि वारा तर कधीच विचारत नाही.

हदीसमध्ये पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टी सर्वांच्या सामाईक मानल्या आहेत. त्या यादीत हवा नाही. तिच्यावर कोणी हक्क सांगेल किंवा ती कोणाच्या वाट्याला कमी येईल, असे त्या वाळवंटी जगात कोणाच्या मनातही आले नसावे. आज ते घडले आहे, आणि कोणी ते ठरवून केलेले नाही. म्हणून जालिम कोण, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि वस्तू कुठून हलून कुठे पडली आहे ते आधी मोजावे. मोजल्यावर वाटे दिसतील, वाटे दिसल्यावर मागता येईल. तोवर निदान एवढे तरी म्हणू नये की आम्हाला ठाऊक नव्हते.